आमचं मोकळं घर

भिंत कोसळली तेव्हा पलीकडे मोठ्या बाई गरम पाण्याच्या टबात पाय बुडवून बसल्या होत्या.

वास्तविक पलीकडे कुणी असायलाच नको होतं. माझ्या हिशोबाप्रमाणे तिथे एक बंद, अंधारी, कित्येक वर्षांत कुणी पाऊल न टाकलेली खोली असायला हवी होती. हा हिशोब मी हवेत केलेला नव्हता. हातात मोजपट्टी घेऊन, मागच्या गल्लीत उकिरड्याच्या कडेकडेने चालत, अंगावर वेलीतल्या मुंग्या घेत केलेला होता. घराची मागची बाजू बाहेरून मोजली, आतली सगळी मापं घेऊन बेरीज केली, आणि दोन्हीत चांगला पाच-सहा हातांचा फरक आला. त्या क्षणी माझ्या अंगावर जो काटा आला, तो मुंग्यांचा नव्हता. आपल्या घरात आपल्याला ठाऊक नसलेली एक खोली आहे, हे कळल्यावर कुणालाही काटा येईल.

आता हे घर म्हणजे काय होतं, तर एका जोडघराचा अर्धा भाग. आमच्या अर्ध्यात बरीच वर्षं कुणी राहिलेलं नव्हतं. गिलाव्याला हात लावला की गिलावा हातात येत असे आणि नळाला हात लावला की नळ. दुसऱ्या अर्ध्यात मोठ्या बाई राहत. त्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त होऊन जमाना झाला तरी त्या रस्त्याने निघाल्या की नोकरीला लागलेली माणसंसुद्धा खिशातून हात बाहेर काढत. त्यांचा अर्धा भाग लखलखीत, आमचा भुताटकीचा. पण मागच्या बाजूने दोन्ही भागांवर एकच वेल पसरलेली होती, त्यामुळे आपलं कुठे संपतं आणि त्यांचं कुठे सुरू होतं, हे तिथून कळत नसे. सांडपाण्याचा पाइप जिथे खाली येतो तिथे आपलं घर संपतं, असं मी मनाशी ठरवलं. का ठरवलं, हे मला अजूनही सांगता येत नाही. पाइप तिथे होता, मोजपट्टी हातात होती, आणि माणसाला कुठेतरी थांबावं लागतं.

बायकोने तेव्हाच विचारलं होतं, "अहो, पण बाईंचं घर तिथूनच सुरू होतं ना?"

"मापं खोटं बोलत नाहीत," मी म्हणालो. या वाक्यात 'माणसं बोलतात' असा एक न उच्चारलेला भाग होता आणि तो तिला उद्देशून होता.

समोरच्या घरात अनुभवी काका राहतात. त्यांचं खरं नाव पाटीवर आहे, पण त्यांचं प्रत्येक वाक्य "माझा अनुभव सांगतो" असं सुरू होत असल्यामुळे ते कुणी वाचत नाही. त्यांनी मान डोलावून सांगितलं, "माझा अनुभव सांगतो, जुन्या घरांत अशी खोली असतेच. लोक भिंत घालून बंद करतात. फोडा, काही ना काही निघेल." काय निघेल ते त्यांनी सांगितलं नाही, पण आवाज असा खाली आणला की मला रात्री झोप लागेना.

राहिला आमचा मिस्त्री. या माणसाला मी आयुष्यात कधी नाही म्हणताना ऐकलेलं नाही. न्हाणीघर छतावर न्यायचं का, होऊन जाईल. जिना उलटा फिरवायचा का, होऊन जाईल. सकाळी मी खिडकी मोठी करायला सांगत असे आणि दुपारी बायको ती आहे तेवढीच ठेवायला सांगत असे. दोघांनाही होऊन जाईल. ही भिंत फोडता येईल का, असं विचारल्यावर तो काय म्हणाला हे सांगायला नकोच.

तर अशी ही खोली. ऑफिसात मी तिचा बोभाटा केला. तिला 'चोरखोली' हे नावही ऑफिसातच पडलं. माझ्या स्वप्नातल्या घराची बातमी ऑफिसला मी रोज जेवणाच्या सुट्टीत देतच असे. मला मोकळं घर हवं होतं. एका मासिकात मी तसला फोटो पाहिला होता. एवढ्या मोठ्या जागेत एकही भिंत नाही, मधोमध एक माणूस अनवाणी बसलेला, हातात कप, तोंडावर समाधान. त्या माणसाचे कपडे, पुस्तकं, मुलाबाळांची दप्तरं, कांदे-बटाटे कुठे होते कोण जाणे. मला तो प्रश्न त्या वेळी पडला नाही. मी आधीच आतल्या बहुतेक भिंती पाडून टाकल्या होत्या. आमच्या दारात उभं राहिलं की थेट मागच्या मोरीपर्यंतचं सगळं दिसे. त्यात ही चोरखोली मिळाली असती, तर ऑफिसात दुसऱ्या कुणाला तोंड उघडायला जागा राहिली नसती.

पहिला घाव मीच घालणार, असा मी हट्ट धरला. रविवारी सकाळी ऑफिसातले दोघं आले, काका आले, बायको दाराशी उभी राहिली, मुलगी बादली पालथी घालून त्यावर बसली. मिस्त्रीने घण माझ्या हातात दिला आणि स्वतः मागे सरकला. घण कसा धरायचा हे मला ठाऊक नव्हतं, पण चारचौघांत विचारणार कसं? मी डोळे मिटले आणि घातला. काही झालं नाही. पुन्हा घातला. मिस्त्री म्हणाला, "होऊन जाईल." तिसऱ्यांदा घातला, आणि भिंतीचा एक मोठा तुकडा भसकन पलीकडे गेला.

धूळ खाली बसली. समोर बाई.

केस सोडलेले, चष्मा कपाळावर, खांद्यावर पंचा, पाय टबात. शेजारी रेडिओ लागलेला होता, आणि त्यातली बाई देशोदेशीच्या बातम्या शांतपणे सांगत राहिली. टबातल्या पाण्यावर आमच्या भिंतीची धूळ तरंगत होती. मोठ्या बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. माझ्याकडे पाहिलं, घणाकडे पाहिलं, माझ्या मागच्या मंडळींकडे एकेक करून पाहिलं.

"कोण?" त्यांनी विचारलं.

"मी. शेजारचा."

"ते दिसतंय. काम काय होतं?"

आणि मी, हातात घण, अंगभर चुना, भिंतीत माणूस जाईल एवढं भगदाड पाडून उभा असलेला मी म्हणालो, "काही नाही. सहज."

ऑफिसातल्या दोघांपैकी एकाला खोकल्याची उबळ आली आणि तो बाहेर पळाला. काकांनी अत्यंत अदबीने "नमस्कार, बाई," म्हटलं आणि चपला शोधू लागले. माझ्या मुलीने मात्र सगळ्यांच्या मनातलं खणखणीत आवाजात विचारलं, "बाबा, हीच का ती चोरखोली?"

"चोरांचीच दिसते," बाई म्हणाल्या. "आता आलाच आहात तर त्या खुंटीवरचा टॉवेल द्या. पंचा मळला."

मी भगदाडातून अर्धा पलीकडे वाकलो, टॉवेल काढला आणि त्यांच्या हातात दिला. कुणी मला विचारलं, की आयुष्यात सर्वांत लाजिरवाणा क्षण कोणता, तर भिंत पाडल्याचा नव्हे, तो टॉवेल दिल्याचा. देताना मी तो आधी झटकला होता.

दुसऱ्या दिवशी भगदाड बुजवून टाकायचं आणि बाईंची क्षमा मागायची, असं मी ठरवलं. क्षमा त्यांनी लगेच केली. "ठीक आहे, आता भिंत बांधा," इतकंच. मिस्त्री होऊन जाईल म्हणाला आणि त्याने विटा आणल्या. पण काका आडवे आले.

"माझा अनुभव सांगतो. सामायिक भिंत आहे. नगरपालिकेला न कळवता हात लावलात तर उद्या दोन्ही घरं अडचणीत येतील."

पाडताना हा अनुभव कुठे गेला होता, हे विचारण्याची माझी हिंमत झाली नाही. मी नगरपालिकेत गेलो.

खिडकीतल्या कारकुनाने अर्ज पुढे ओढला. "भोक कशासाठी पाडलं?"

"चुकून."

"'चुकून'ला रकाना नाही. खिडकी, दार की दुरुस्ती?"

"दुरुस्ती म्हणा."

"दुरुस्तीचा पूर्वपरवाना?"

"नाही."

"मग खिडकी. खिडकीतून शेजारच्या घरात दिसतं?"

"सगळं दिसतं."

"मग खिडकी चालत नाही. माणूस जाऊ शकतो का त्यातून?"

मी टॉवेलच्या प्रसंगाची मनोमन आठवण काढून म्हणालो, "कमरेपर्यंत."

"दार," असं म्हणून त्याने लिहून टाकलं. मला वाटलं, सुटलो. ऑफिसात मी स्वतः अशा खिडकीमागे बसतो, आणि समोरचा माणूस सुटलो असं समजून निघाला की आम्ही काय करतो हे मला चांगलं ठाऊक आहे. तरीही मी त्याचे आभार मानून निघालो.

काही दिवसांनी तपासनीस आला. भगदाडाला आम्ही जुन्या चादरीचा पडदा लावला होता. तो त्याने बोटाने बाजूला केला, इकडून तिकडे गेला, तिकडून इकडे आला, आणि म्हणाला, "आतून दार आहे म्हणजे दोन घरं नाहीत. हे एक घर झालं. कुटुंबप्रमुख कोण?"

मी घसा साफ केला. पडद्यापलीकडून आवाज आला, "मी."

तपासनिसाने लिहून घेतलं. कदाचित त्याच्या बहिणी बाईंच्या शाळेत शिकल्या असतील. त्यानंतर त्याने मला समजावून सांगितलं, की आता मध्ये भिंत घालणं म्हणजे एका घराची दोन घरं करणं, म्हणजे वाटणी, आणि तिच्या अर्जावर कुटुंबप्रमुखाची सही लागेल. अशा रीतीने ज्या घराला मी माझं स्वप्न म्हणत होतो, त्या घरात मी कुटुंबातला एक सदस्य होऊन बसलो.

पडद्याआड माणूस आहे, हे लक्षात ठेवून जगणं फार कठीण असतं. आम्हाला भिंतीआड हवं तसं वागायची सवय. मी बायकोवर खेकसलो की पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज होई, आणि मी वाक्य अर्ध्यावर बदलून गोड करत असे. गुळण्या करताना मी काढतो ते आवाज मला पहिल्यांदाच ऐकू येऊ लागले. मुलीला पाढे शिकवत होतो, तर पडद्यातून "सोळा सत्ते बाराशे नाही, एकशे बारा" असं ऐकू आलं. मी एकशे बाराच म्हणालो होतो, अशी माझी अजूनही समजूत आहे.

सर्वांवर कडी म्हणजे सोमवारचा फोन. वाटणीच्या अर्जासाठी रजा हवी होती आणि रजा शिल्लक नव्हती. मी साहेबांना फोन लावला, आवाज खोल नेला आणि म्हणालो, "साहेब, अंगात ताप आहे. उठवत नाहीये."

"सावली तर उभी दिसतेय पडद्यावर," बाईंचा वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज आला. "चांगले ठणठणीत आहात!"

"कोण बोललं?" साहेबांनी विचारलं.

"डॉक्टर," मी म्हणालो.

"मग डॉक्टरच ठणठणीत म्हणताहेत ना? या लवकर."

अर्ज मी शेवटी ऑफिसातच लिहिला. पत्रांचे मसुदे करणं हे माझं रोजचं काम. साहेबसुद्धा अवघड पत्र माझ्याकडे सरकवतात. संध्याकाळी मी तो बाईंना सहीसाठी नेऊन दिला. सकाळी तो मला परत मिळाला, तांबड्या शाईने रंगवलेला. 'विनंती'तला 'वि' मी दीर्घ काढला होता. एक वाक्य कर्त्यावाचून लोंबकळत होतं. आणि 'सदर भिंत चुकून पडली' यातल्या 'पडली'खाली दोन रेघा होत्या.

"भिंत पडली का?" बाईंनी विचारलं.

"पाडली गेली," मी म्हणालो.

"कोणी?"

मी दुसरा अर्ज लिहिला. 'माझ्याकडून चुकून पाडली गेली.' तोही परत आला. "चुकून म्हणजे काय? झोपेत पाडलीत? विचार करून लिहा. मला घाई नाही." घाई मला होती, कारण पावडर लावलेल्या चेहऱ्याने काका रोज संध्याकाळी सहकुटुंब 'नवीन दार' बघायला येत, आणि येताना कुणी ना कुणी पाहुणा घेऊन येत.

एके दिवशी मी तिसरा अर्ज घेऊन दुपारीच घरी आलो. साहेब बाहेरगावी गेले होते, एवढंच कारण. घरात कुणी नव्हतं. मुलगी शाळेत, मिस्त्री कुठे तरी दुसऱ्याला होऊन जाईल सांगायला गेलेला. मी सिमेंटच्या पोत्यावर बसलो आणि पेनाचं टोपण काढलं. पडद्यापलीकडे कपबश्या वाजत होत्या. मग बायकोचा आवाज आला.

"तुमच्याकडे बरं वाटतं, बाई. दार लोटता येतं."

"तुमच्याकडे दारं नाहीत?"

"दारं आहेत. पुढचं आणि मागचं. मध्ये सगळं मोकळं." ती थोडी हसली. "कपडे बदलायचे तर मोरीत जावं लागतं. रडायचं असलं तरी मोरीतच."

"रडता?"

"नाही हो, कधीतरी. सगळ्यांचं असतं तेवढंच. बाई, हे घर बघायला आलो ना, तेव्हा मला यातलं काही आवडलं नव्हतं. फक्त मधली ती एक छोटी खोली आवडली होती. तिला आतून कडी होती. मी आत उभी राहून कडी लावून बघितली. मला वाटलं, इथे एक खुर्ची ठेवीन. कुणी हाक मारली तरी थोडा वेळ ओ देणार नाही."

"मग?"

"मग काय. यांनी पहिल्या दिवशी तीच पाडली. हॉल मोठा दिसायला."

"सांगितलं का नाही?"

"विचारलं असतं तर सांगितलं असतं."

मी ती खोली आठवून पाहू लागलो. आठवत होती ती एवढीच, की ती पाडताना फार सोपी गेली, कुडाचीच होती, आणि बायको तेव्हा दाराशी उभी होती. मी तिला म्हणालो होतो, "बघ किती उजेड आला!" ती काय म्हणाली, हे आठवेना. ती काही म्हणाली होती की नाही, हेही आठवेना. ऑफिसात मी 'आमचं स्वप्न' म्हणत असे, 'माझं' नाही. त्या शब्दाचा मला अभिमान होता.

तिथून गुपचूप उठून जावं, एवढीच इच्छा होती. पण सिमेंटच्या पोत्यावरून माणूस हळूच उठत नाही. धूळ उडाली, आणि मला शिंक आली. साधी नाही. आमच्या घराण्यात शिंक आली की शेजारची मुलं दचकून उठतात.

पलीकडे कपबशी थांबली. मग बाई म्हणाल्या, "चहा आणखी घ्या." पण मला नव्हे, तिला.

ती संध्याकाळी इकडे आली, पदर खोचला आणि भाजी चिरायला बसली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, आणि रागावलीही नव्हती. ती रागावली असती तर माझी सोय झाली असती. मी तिच्या समोर पाटावर बसलो. काय बोलावं याचे मी चार मसुदे मनात केले, आणि चारही तांबड्या शाईने रंगले.

"तुला काय हवंय घरात?" मी शेवटी विचारलं.

"आत्ता विचारताय?"

"हो. उशीर झाला ते कळतंय मला."

ती चिरत राहिली. मग विळीकडे बघतच म्हणाली, "चार भिंती. लहानच. खिडकी नसली तरी चालेल. कडी मात्र आतून."

"कुठे?"

"कुठेही. तुमच्या हॉलच्या मधोमध आली तरी."

मी तिसरा अर्ज फाडला आणि चौथा लिहिला. त्यात कर्ता, कर्म, क्रियापद सगळं जागच्या जागी होतं. 'सदर भिंत मी पाडली. पत्नीने आधी शंका विचारली असता मी तिचे ऐकले नाही. उतावीळपणा आणि आढ्यता याशिवाय अन्य कारण नाही.' सरकारी अर्जात असं लिहू नये, हे मला नोकरीने शिकवलेलं आहे. लिहिताना कान तापले होते.

बाईंनी तो दोनदा वाचला. पेन काढलं, निळं. सही केली. "आता भाषा सुधारली," म्हणाल्या. मी म्हटलं, "बाई, भिंत झाल्यावर हिला करमणार नाही." त्या म्हणाल्या, "ती पुढच्या दाराने येईल, हवं तेव्हा. मला माझी भिंत हवी. तुमच्या गुळण्या मी पुष्कळ ऐकल्या."

नगरपालिकेत कारकुनाने 'आढ्यता' हा शब्द शेजारच्या टेबलावर दाखवला, तिथून तो तिसऱ्या टेबलावर गेला, आणि सगळं खातं माझ्याकडे वळून वळून बघत होतं. पण शिक्का बसला.

भगदाड बुजलं. मग मिस्त्रीला मी हॉलच्या मधोमध खडूने एक चौकोन काढून दिला. त्याने चौकोनाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आज हा माणूस पहिल्यांदा काहीतरी म्हणेल. तो म्हणाला, "होऊन जाईल."

आमचं घर आता फारच विचित्र दिसतं. एवढ्या मोठ्या जागेत मधोमध एक खोका उभा आहे, आणि माणसांना त्याला वळसा घालून मोरीकडे जावं लागतं. ऑफिसातले दोघं येऊन बघून गेले. एकाने विचारलं, की लिफ्ट बसवताय का. दुसऱ्याला पुन्हा उबळ आली. जेवणाच्या सुट्टीत मी हल्ली घराविषयी बोलत नाही, आणि इतर लोक बोलतात तेव्हा डब्यात बघतो.

परवा संध्याकाळी अनुभवी काका आले. "वहिनी कुठे आहेत? आमच्या हिचा निरोप होता."

"आहे. आत आहे."

त्यांनी दारातूनच मागच्या मोरीपर्यंत नजर टाकली. "आत म्हणजे कुठे? तुम्ही तर सगळं मोकळं केलंत ना? तुमच्या घरात आता 'आत' असं आहेच कुठे?"

"एक केलंय," मी म्हणालो.

त्यांनी खोक्याकडे पाहिलं. "मग हाक मारा की."

हाक मारायला माझं तोंड उघडलंही होतं. ते मिटायला मला थोडा वेळ लागला.

"निरोप माझ्याकडे द्या," मी म्हणालो. "ती बाहेर आली की सांगतो."